आयडी म्हातारा होत नाही

१९९६च्या गणेशचतुर्थीला मायबोली हे संस्थळ सुरू झालं, तेव्हा तिथे लिहिणाऱ्यांत पंचविशी-तिशीतले पुष्कळ होते. परदेशातल्या विद्यापीठाच्या लॅबमधून, नव्या नोकरीच्या टेबलावरून ते पुरणपोळी, व्हिसा आणि पुलं या तिन्ही विषयांवर एका दमात लिहीत. पुढे याहू ग्रुप आले, ऑर्कुटच्या कम्युनिट्या आल्या, मनोगत आलं, २००७मध्ये मिसळपाव आलं, मग ऐसी अक्षरे. तेव्हाचे तिशीतले आज साठीला टेकले आहेत. गुडघे, मोतीबिंदू, निवृत्ती, आईवडिलांची आजारपणं आणि आता स्वतःचीही, ही सगळी बोलणी तिथेच होतात. संस्थळावर तरुणपण काढून तिथेच म्हातारी होणारी मराठीतली ही पहिली पिढी. तिला वडीलधाऱ्यांकडून या बाबतीत काही शिकायला मिळालेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अडचण अशी, की आयडी म्हातारा होत नाही. वीस वर्षांपूर्वी गमतीत घेतलेलं नाव तेच राहतं, प्रोफाइलवरचं मांजर तेच राहतं, तावातावाने भांडण्याची ख्यातीही तीच राहते. मागच्या माणसाचं मात्र सगळं बदललेलं असतं. मुलं लांब गेलेली, जोडीदार आजारी किंवा गेलेला, घर विकलेलं, साखर वाढलेली. साइटवरच्यांना हे ठाऊक नसतं आणि घरच्यांना आयडी ठाऊक नसतो. या दोन बाजूंची गाठ वेळेत घालून दिली नाही, की पुढचे बरेचसे घोळ तिथून सुरू होतात. म्हणून सुरुवात त्यापासूनच.

घरात कुणाला तरी सांगून ठेवा

एखादा आयडी एकाएकी गप्प होतो. आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्याभराने कुणीतरी त्याच्या प्रोफाइलवरच्या विचारपुशीत 'कुठे गायब?' असं टाकतं, त्याला उत्तर येत नाही. रुसला असेल, फिरायला गेला असेल, नातवंडं आली असतील, असे तर्क चालतात. मग कितीतरी महिन्यांनी ओळखीच्या ओळखीतून कळतं, की माणूस केव्हाच गेला. श्रद्धांजलीचा धागा निघतो. लोक त्याचे जुने लेख शोधून वर आणतात, कुणी कबूल करतं की त्याच्या एका प्रतिसादामुळे आपण शिक्षण सोडलं नाही. आणि यातलं एक अक्षर त्याच्या बायकोच्या किंवा मुलीच्या वाचनात येत नाही, कारण असा धागा असू शकतो हेच त्यांना माहीत नसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत वाईट गोष्ट ही, आणि ती टाळणं सगळ्यांत सोपं आहे.

त्यासाठी दोन माणसं लागतात. साइटवरचं एक, ज्याला तुमचं खरं नाव, गाव आणि तुमच्या घरातल्या कुणा एकाचा फोन नंबर माहीत आहे. आणि घरातलं एक, ज्याला साइटचं नाव, तुमचा आयडी आणि त्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा नंबर माहीत आहे. दोघांची एकदा फोनवर ओळख करून द्या. 'हे आमचे मिसळपाववरचे', एवढं पुरतं. घरातलं माणूस म्हणजे जोडीदारच हवा असं नाही, कारण तोही तुमच्याच वयाचा असतो. भाचा, सून, पुतणी, ज्यांना संगणकाचा बाऊ वाटत नाही अशांपैकी कुणी बरं. जे एकटे राहतात त्यांनी हे आज करावं. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतो, तसा हा नंबर ठेवायचा.

याच्या जोडीला एक कागद करा. कोणकोणत्या साइटवर कोणत्या नावाने आहात, कोणत्या ईमेलवर नोंदणी आहे, तुम्ही गेल्यावर कळवायचं की नाही, लेखन ठेवायचं की काढायला सांगायचं, एवढंच त्यावर लिहा. विम्याची कागदपत्रं जिथे असतात तिथे तो ठेवा, म्हणजे हमखास सापडेल. पासवर्ड मात्र त्यावर नकोत. ते घरच्यांना द्यायचेच असतील तर बंद पाकिटात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये वेगळे ठेवा.

कागद करायला बसलात की एक जुनी चूक समोर येईल. आपल्यापैकी अनेकांनी सुरुवातीची खाती रेडिफमेलवर, याहूवर किंवा थेट कंपनीच्या ईमेलवर उघडली. पासवर्ड लक्षात आहे तोवर ठीक. विसरलात, तर रीसेटची लिंक तुम्ही दहा-पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाईल. तेव्हा प्रत्येक साइटच्या प्रोफाइलमध्ये जाऊन ईमेल बदलून घ्या. तो बदलताही येत नसेल, तर व्यवस्थापकांना आत्ता लिहा. खातं चालू असताना 'हा मीच' हे पटवणं सोपं जातं.

ईमेल हेच सगळ्याचं मूळ असल्यामुळे त्याची सोय आधी लावावी. जीमेल असेल तर गूगलच्या खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३पासून आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही ठरवलेल्या माणसांना कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिली असेल तेवढाच मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. अशी दहापर्यंत माणसं नेमता येतात. ही सोय भरायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३पासून अमलात आणलं आहे, हेही ध्यानात ठेवा. फेसबुकवर २०१५पासून आणि ॲपलच्या खात्यावर २०२१च्या अखेरीपासून वारस म्हणून एखादा संपर्क नेमता येतो. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही नॉमिनी नेमण्याचा हक्क दिलेला आहे. घरच्यांना एक साधी गोष्टही सांगून ठेवा: माणूस गेल्यावर त्याचं सिमकार्ड लगेच बंद करू नये. खाती रीतसर बंद करायची म्हटलं तरी ओटीपी त्यावरच येतो. बँकेच्या खात्यात मात्र असं परस्पर शिरायचं नाही. तिथे शाखेत जाऊन अर्ज आणि नॉमिनी हीच वाट.

आता जरा नाजूक भाग. प्रत्येकाने आयडीच्या आडून असं काही लिहिलेलं असतं, जे घरी कळू नये असं वाटतं. सासरची गाऱ्हाणी, लग्नातली घुसमट, धर्माबद्दलची मतं, एखादी कविता. तो आडोसा लबाडीचा नव्हता. त्यातूनच मराठीत काही फार खरं लेखन झालं, विशेषतः बायकांचं. तेव्हा सगळंच घरी उघड करा असं मी म्हणणार नाही. पण निवड तुमची असू द्या. जे मागे राहू नये असं वाटतं ते जिवंतपणी संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून काढायला सांगा, कारण बहुतेक ठिकाणी प्रतिसाद आल्यावर लेखकाला स्वतःचा धागा उडवता येत नाही. डुआयडी, म्हणजे दुसऱ्या नावाने घेतलेले आयडी, असतील तर त्यांचंही काय ते ठरवा. तुमच्या डुआयडीने तुमच्याच लेखाला दिलेले '+१' उद्या नातवाने वाचले, तर समजावून सांगायला तुम्ही नसाल.

लिहिलेलं आपल्या ताब्यात घ्या

साइट आहे म्हणजे लेखन आहे, हा भ्रम आपल्या पिढीने तरी बाळगू नये. जिओसिटीजवरची पानं २००९मध्ये गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. याहू ग्रुपवरची वर्षानुवर्षांची पत्रं आणि फायली डिसेंबर २०१९पासून काढून टाकल्या गेल्या आणि वर्षभराने ग्रुपही बंद झाले. शाळेच्या तुकड्या, गिर्यारोहणाचे गट, कवितांच्या मंडळ्या अशा कितीतरी मराठी गटांचा मजकूर त्यात होता. या बड्या कंपन्यांची ही गत. मराठी संस्थळं तर बहुतेक करून एखाददुसऱ्या माणसाच्या हौसेवर आणि खिशावर चालतात.

सगळं उतरवायला बसू नका, तीन दिवसांत कंटाळाल. 'सहमत', 'पुलेशु' आणि 'पॉपकॉर्न घेऊन बसलोय' यांचं जतन करून मराठीचं काही भलं व्हायचं नाही. आपले वीस-पंचवीस लेख निवडा. प्रत्येक पान ब्राउझरमधून छापायची आज्ञा देऊन पीडीएफ म्हणून जपा, आणि ते करताना प्रतिसादांसकट जपा. मला तर वाटतं, लेखापेक्षा प्रतिसाद जास्त मोलाचे. कोकणातल्या एखाद्या भाजीवर तुम्ही चार ओळी लिहिल्या आणि खाली सातजणींनी आपापल्या आजोळची कृती दिली, तर ऐवज त्या सात कृतींचा आहे. तो एरवी कुठे छापला गेलेला नसतो. शिवाय मजकूर वेगळा साध्या फाइलमध्येही चिकटवून ठेवा, म्हणजे पुढे त्यात शोधता येईल.

जुन्या लेखनाच्या दोन तांत्रिक गोच्या आहेत. युनिकोड येण्याआधी शिवाजीसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर फाँट काढला की नुसत्या रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो फेकू नका. अशा मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, आणि निदान तोवर मूळ फाइलसोबत फाँटची फाइलही सांभाळा. दुसरी गोची फोटोंची. पूर्वी साइटवर फोटो थेट चढवता येत नसत, म्हणून आपण ते पिकासा किंवा फोटोबकेटवर ठेवून दुवा देत असू. पिकासा २०१६मध्ये गुंडाळलं गेलं, फोटोबकेटने २०१७मध्ये असे फुकट दुवे बंद केले. त्यामुळे हजारो प्रवासवर्णनांत आज फोटोंच्या जागी रिकामे चौकोन आहेत. मूळ फोटो घरातल्या एखाद्या सीडीवर किंवा जुन्या हार्डडिस्कवर असतील. सीडी वाचणारं यंत्र अजून कुणाकडे आहे तोवर ते काढून घ्या.

गेलेली पानं शोधायची तर इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जुना पत्ता टाकून पाहा. सगळं मिळत नाही, पण कधीकधी अगदी अनपेक्षित असं काही हाती लागतं. तिथेच एखादं चालू पान 'जतन करा' म्हणून नोंदवताही येतं. ज्यांच्याकडे माहितीचा साठा आहे, म्हणजे गावाचा इतिहास, जुने कलाकार, झाडं, किल्ले, त्यांनी तो मराठी विकिपीडियात घालावा. २००३पासून तो चालू आहे आणि तिथे लिहिणाऱ्यांची चणचण कायम असते. धाग्यातलं ज्ञान धाग्यातच मुरतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

कॉपीराइटचा मुद्दा थोडक्यात. भारतीय कायद्यानुसार साहित्यावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे जातो. टोपणनावाने लिहिलेल्या मजकुराची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात. त्या मुदतीत लेखकाची खरी ओळख उघड झाली, तर मग मृत्यूपासून. म्हणजे आयडीमागचा माणूस कोण, हे कुठेतरी लेखी असणं इथेही कामाला येतं. मृत्युपत्र करत असाल, तर त्यात एक वाक्य लेखनाबद्दल घाला. इतरांचे प्रतिसाद आपल्या संग्रहात ठेवायला हरकत नाही. पुस्तकात छापायचे असतील तर त्यांना विचारायलाच हवं.

जुना सदस्य ही पदवी नव्हे

नवा सदस्य उत्साहाने प्रश्न विचारतो: साबुदाण्याची खिचडी गिच्च का होते, आईला स्मृतिभ्रंश होतोय, काय करू, मुलाला मराठी कसं शिकवू. जुना सदस्य एक ओळ टाकतो, 'यावर २००९मध्ये चर्चा झाली आहे, शोध घ्या.' सोबत कधी दुवा, कधी तोही नाही. खाली दोन जुने मित्र हसरे चेहरे टाकतात. नवा माणूस परत येत नाही. संस्थळ ओस पडतंय, तरुण इथे फिरकत नाहीत, असा गळा काढणाऱ्यांनी आधी आपले जुने प्रतिसाद वाचून पाहावेत.

दुवा जरूर द्या, पण त्यासोबत चार वाक्यांत उत्तरही द्या. शोधयंत्राने दुवा त्यालाही मिळाला असता. तो माणसाशी बोलायला आला आहे. आणि जुन्या धाग्यातलं उत्तर आज खरं उरलं आहे का, हे तपासून मगच द्या. इथे ज्येष्ठांचा फार गोंधळ उडतो. 'करबचतीसाठी काय गुंतवावं' हे आपले हिट धागे होते. २०२३-२४पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि त्यातल्या बऱ्याच वजावटी तिथे मिळतच नाहीत. व्हिसा, परदेशी शिक्षण, गृहकर्ज, सगळीकडे हेच. 'हा माझा अमुक सालचा अनुभव, आताचं विचारून घ्या' एवढी पुस्ती जोडली की तुमचा मानही राहतो आणि समोरच्याचे पैसेही. औषधांच्या बाबतीत तर अनुभव सांगा, पण नाव आणि मात्रा सांगू नका. तुमच्या पित्तावर चाललेली गोळी दुसऱ्याच्या हृदयविकाराला चालेलच असं नाही, आणि आपल्या वयाच्या वाचकांना आधीच चार-पाच गोळ्या चालू असतात.

काका, काकू, आजोबा असं कुणी म्हटलं तर चिडू नका. फार तर एकदा गमतीत सांगा. पण स्वतःहून वय पुढे करू नका. संस्थळाची खरी मजा ही होती, की तिथे बावीस वर्षांची मुलगी साठीच्या प्राध्यापकाला 'तुमचा मुद्दा चुकतोय' असं म्हणू शकत होती. तेव्हा ती मुलगी आपण होतो आणि आपल्याला ते फार आवडायचं. 'तुमच्या वयाचा असताना मीही असंच म्हणायचो' हे वाक्य वादात कधीही वापरू नये, ते खरं असलं तरी.

कंपूबाजी हा दुसरा रोग. वीस वर्षांचे जुने विनोद, कट्ट्यावर घडलेले किस्से, कोण कुणावर रुसलंय याचे इशारे हे सगळं चारचौघांच्या धाग्यात काढलं, की नव्याला परक्या लग्नात आल्यासारखं होतं. त्यासाठी तुमचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. आणि जुनी भांडणं? काही जण अजूनही २०१०च्या वादातला मुद्दा सिद्ध करत आहेत. त्यातला एखादा प्रतिपक्ष आता डायलिसिसवर असेल, हे त्यांना माहीत नसतं. ज्याच्याशी वर्षानुवर्षं तोंडातोंडी झाली, त्याच्याइतकं आपलं लेखन बारकाईने दुसऱ्या कुणीच वाचलेलं नसतं. त्याला एकदा व्यनि करून पाहायला काय हरकत आहे?

रात्र, डोळे आणि चोर

पुण्यात रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला दुपारचे साडेबारा किंवा दीड. म्हणजे आपली निजायची वेळ झाली, की तिकडच्यांची जेवणाची सुट्टी होते आणि धागा तापायला लागतो. तिशीत हे परवडलं. साठीत झोप मुळातच पातळ झालेली असते, आणि मध्यरात्री वाचलेला खवचट प्रतिसाद पहाटेपर्यंत डोक्यात वाजत राहतो. दहानंतर वाचा हवं तर, पण लिहू नका. उत्तर सकाळी चहा झाल्यावर द्या. निम्म्या वेळा ते द्यावंसंच वाटणार नाही.

अक्षर बारीक वाटत असेल तर चष्म्याला दोष देण्याआधी कंट्रोल आणि अधिक ही बटणं दाबून पान मोठं करा. बोटं दुखत असतील, थरथरत असतील, तर फोनवर मराठीत बोलून लिहिता येतं. गूगलने ही सोय मराठीसाठी २०१७मध्ये आणली. 'टंकाळा', म्हणजे टंकायचा कंटाळा, हे कारण आता चालत नाही. बोलून लिहिलेलं पाठवण्याआधी एकदा वाचा मात्र, कारण यंत्राला ळ आणि ल यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

चोरांचं जरा गंभीर आहे. वीस वर्षांत आपण तुकड्यातुकड्यांनी काय काय लिहून बसलो आहोत, ते आठवून पाहा. सोसायटीचं नाव, मुलगी कुठल्या शहरात आहे, कोणत्या बँकेतून निवृत्त झालो, कुत्र्याचं नाव, आईचं माहेर, पहिली शाळा. शेवटच्या तिन्ही गोष्टी बँका आणि ईमेलवाले सुरक्षा-प्रश्न म्हणून विचारत आले आहेत. हे सगळं उघड्या धाग्यांत आहे आणि कुणीही एका बैठकीत गोळा करू शकतं. सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं बदला. खरीच उत्तरं द्यायला हवीत असा काही नियम नाही. ओळखीच्या आयडीने अडचणीत आहे म्हणून पैसे मागितले, तर फोन करून आवाज ऐकल्याखेरीज एक रुपया पाठवू नका, आणि आवाज ऐकल्यावरही असं काही विचारा, जे तुम्हा दोघांनाच माहीत असेल. पोलीस किंवा सीबीआय म्हणून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारा माणूस भामटाच असतो. भारताच्या कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेलेच तर लाजून बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

आजारपणाचं सांगावं का, असं पुष्कळ जण विचारतात. सांगावं, पण आधी थोड्यांना. उघड धागा काढला की दिलाशासोबत गोमूत्रापासून अमेरिकेतल्या चाचण्यांपर्यंत सल्ले येतात आणि प्रत्येकाला उत्तर देण्याचं ओझं आजारी माणसावर पडतं. एका मित्राला सांगा, त्यानेच आठवड्यातून एकदा खुशाली लिहावी. कॅलिफोर्नियात १९८५मध्ये सुरू झालेल्या 'द वेल' या जुन्या ऑनलाइन समुदायात टॉम मँडेल नावाच्या सदस्याने आपल्या कर्करोगाबद्दल आणि निरोपाबद्दल तिथेच लिहिलं होतं. एप्रिल १९९५मध्ये तो गेला. मायबोली सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा या माध्यमात माणसं मनापासून निरोप घेऊ शकतात का, ही शंका आता राहिलेली नाही. तो घ्यायचा की नाही, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं. एकटेपणा फारच दाटून येत असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे फुकट क्रमांक आहेत. व्हॉट्सॅपवरच्या सुविचारांपेक्षा त्यांचा उपयोग होतो.

किल्ल्या दुसऱ्याच्या हाती

जे स्वतः संस्थळ चालवतात, संपादक मंडळात आहेत किंवा दरवर्षी दिवाळी अंकाची मोट बांधतात, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. डोमेन कुणाच्या नावावर आहे? त्याचे वार्षिक पैसे कुणाच्या क्रेडिट कार्डावरून जातात, आणि ते कार्ड बंद पडलं तर नूतनीकरणाची आठवण कुणाच्या ईमेलवर येते? सर्व्हरचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे का? बॅकअप आहे का, आणि तो उघडून कधी पाहिला आहे का? पहिल्या तिन्हींचं उत्तर 'मीच' असं असेल, तर तुमच्या एका हृदयविकारावर हजारो लोकांचं लेखन लटकलेलं आहे. निदान दोन माणसांकडे सगळ्या किल्ल्या असाव्यात आणि त्यातलं एक तरी पन्नाशीच्या आतलं असावं.

संपादकाची खुर्चीही वेळेवर रिकामी करा. नव्या मंडळींनी अंकाचा बाज बदलला, शुद्धलेखनाकडे कानाडोळा केला, मुखपृष्ठावर तुम्हाला न कळणारं काहीतरी काढलं, तर पहिलं वर्ष गप्प राहा. विचारलं तर मुद्रितशोधन करून द्या. ते काम कुणालाच नको असतं, आणि आपल्या पिढीला ते चांगलं येतं.

गटगबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष भेटींबद्दलही थोडं. पूर्वी सिंहगडावर भेटत होतो. आता दुपारची वेळ, लिफ्ट असलेली जागा आणि गाणी न लावणारं हॉटेल बघा. कानाला यंत्र लावणारे दोघं-तिघं हमखास असतात आणि गोंगाटात ते नुसतेच मान डोलावत बसतात. सहाजणांचा कट्टा तीस जणांच्या संमेलनापेक्षा बरा. ज्यांना आता घराबाहेर पडवत नाही, त्यांच्या घरी दोघांनी जावं, सोबत काहीतरी खायला न्यावं आणि तासाभरात उठावं.

आणि हे वाचताना एखादा आयडी आठवला असेल, बरेच दिवस न दिसलेला, तर त्याला आजच दोन ओळींचा व्यनि टाका. चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याचा फोन नंबर कुणाकडे आहे ते विचारा आणि फोन करा.